रस्त्यावर चालवायची स्पोर्ट्स कार किती खाली आणावी?

वळणवाट

नमस्कार मंडळी,

गाडी पहिल्या पिढीची टोयोटा ८६. स्प्रिंग, डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर), १७ इंची चाकं, सगळं कंपनीतून आलं तसंच आहे. रोज कामावर जायला हीच गाडी आणि सुट्टीच्या दिवशी वळणांच्या रस्त्यावर फिरायलाही हीच. बहुतेक वेळा एकटा, कधी दोघं आणि डिकीत सामान.

टायर आणि चाकाच्या कमानीमधली फट मला पहिल्यापासून खटकते. गाडीची रेषा इतकी सुंदर आहे आणि ती चाकांवर येऊन तुटते. म्हणून खाली आणायची हे नक्की आहे. प्रश्न किती, हा आहे. लोअरिंग स्प्रिंग २० मिमीच्या मिळतात, ३० मिमीच्या मिळतात आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-डॅम्परचा जोड) घेतले तर ५० मिमीपर्यंत हवं तिथे थांबता येतं. ज्याला विचारावं तो स्वतःच्या गाडीचा आकडा सांगतो. तो आकडा कुठून आला हे मात्र कुणी सांगत नाही.

मला गाडी वळणात आत्ता आहे त्याहून वाईट झालेली चालणार नाही. थोडी कडक झाली तर चालेल. पार्किंगचा उतार आणि गतिरोधक रोजचे आहेत. तर आकडा ठरवायचा कसा?

टॉर्करेंच

चांगला धागा. प्रश्न योग्य पद्धतीने विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

फट बघून आकडा ठरवू नका. आधी बघा की गाडी उभी असताना डॅम्परचा दांडा आत जायला बंप स्टॉपपर्यंत (चाल संपायच्या आधी अडवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) किती जागा आहे. गाडी जितके मिमी खाली आणाल, जवळपास तितकी जागा तिथून जाते (डॅम्पर किंचित तिरका असतो आणि काही गाड्यांत चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या, मध्यावर बसवलेला असतो, त्यामुळे हिशोब थोडा बदलतो). रस्त्यावरच्या गाडीची खरी पुंजी ही जागाच आहे.

आता आकडे बघा. समजा एका कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वरचं वजन ३१० किलो आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मिमी. अशा गाडीची वर-खाली होण्याची नैसर्गिक वारंवारता सुमारे १.४ हर्ट्झ येते, म्हणजे साधारण मूळ स्पोर्ट्स कारइतकी. बंप स्टॉपपर्यंत जागा ७० मिमी धरा. एखाद्या उंचवट्यावर या स्प्रिंगला गिळता येणारी ऊर्जा म्हणजे कडकपणाचा अर्धा गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे सुमारे ६१ ज्यूल.

गाडी ३० मिमी खाली आणली. जागा उरली ४०. उंचवटा तोच, वेग तोच, त्यामुळे ऊर्जाही तीच. ती ४० मिमीत गिळायची तर स्प्रिंग तिप्पट कडक लागते आणि वारंवारता २.५ हर्ट्झवर जाते. ती रेसच्या गाडीची वारंवारता आहे, आणि रेसची गाडी गुळगुळीत ट्रॅकवर धावते. २० मिमी खाली आणली तर ५० मिमी उरतात, स्प्रिंग जवळपास दुप्पट लागते आणि वारंवारता २ हर्ट्झ येते. कडक आहे, पण सहन होण्यासारखी. १५ मिमी खाली आणली तर १.८.

बाजारात मिळणाऱ्या ३० मिमीच्या लोअरिंग स्प्रिंग तिप्पट कडक नसतात. बहुतेकींचा कडकपणा मूळच्यापेक्षा थोडाच जास्त असतो, कारण तिप्पट कडक स्प्रिंगवर मूळ डॅम्परचा ताबाच राहणार नाही. मग उरलेली ऊर्जा जाते कुठे? बंप स्टॉपमध्ये. तुम्हाला वाटतं गाडी स्प्रिंगवर चाललीय, प्रत्यक्षात ती रबराच्या किंवा फोमच्या ठोकळ्यावर चाललेली असते.

बंप स्टॉपला शत्रू समजू नका. आजच्या गाड्यांत तो दुसऱ्या स्प्रिंगसारखाच वापरतात, लांब आणि हळूहळू कडक होत जाणारा. पण वळणाच्या मध्यावर बाहेरचं पुढचं चाक अचानक त्याच्यावर बसलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि पुढची पकड सुटते. मागे तसं झालं तर मागची बाजू सटकते. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी, ओला रस्ता, वळणात एक खाच. एवढं पुरतं.

पिस्टन

टॉर्करेंच यांना +१. पण दिसण्याचा मुद्दा इतका झटकून टाकू नये असं मला वाटतं. माणूस अशी गाडी घेतो त्यात ती दिसते कशी हा मोठा भाग असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. मी ३५ मिमीवर आहे. पार्किंगमध्ये गाडी लावून निघताना मागे वळून बघतो तेव्हा दरवेळी समाधान वाटतं. रोजच्या रस्त्यांवर कडक लागते हे मान्य, मला चालतं.

उतारावरची

पिस्टन, तुमचा मुद्दा मला पटतो. फक्त वळणवाट यांची अट आहे की वळणात गाडी वाईट व्हायला नको. म्हणून भूमितीबद्दल लिहिते. माझ्या मते यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे.

खाली आणल्याने गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं. त्याचा फायदा किती ते मोजता येतं. ८६चा गुरुत्वमध्य टोयोटाने जमिनीपासून ४६० मिमीवर असल्याचं सांगितलं होतं. वजन १२५० किलो आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५३० मिमी धरा. १ जीच्या वळणात (बाजूचा जोर गाडीच्या वजनाइतका) आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३७५ किलो भार सरकतो. गुरुत्वमध्य २५ मिमी खाली आणला तर ३५५. म्हणजे पाच-साडेपाच टक्के. फायदा आहे, पण कहाण्या सांगतात तितका नाही.

आता दुसरी बाजू. ८६च्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे चाकाला वरून डॅम्परच धरून ठेवतो. अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना फोर्डने १९५०च्या सुमारास गाड्यांत आणली आणि आज ती सगळीकडे आहे, कारण ती स्वस्त आहे आणि जागा कमी घेते. तिची अडचण अशी की खाली एकच आर्म असते आणि वरचा सांधा बॉडीला पक्का असतो. त्यामुळे गाडीचं रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो बिंदू, त्या एका आर्मच्या कलावर फार अवलंबून असतो.

मूळ उंचीवर आर्म सहसा बॉडीकडून चाकाकडे किंचित उतरती असते. गाडी खाली आणली की आधी ती आडवी होते, मग चाकाकडे चढती. आर्म जशी कलते तसं रोल सेंटर खाली जातं, आणि गुरुत्वमध्यापेक्षा बराच जास्त खाली जातं. बॉडीला कलवणारा जोर या दोन बिंदूंमधल्या अंतरावर ठरतो. म्हणजे गाडी खाली आणल्यावर ते अंतर वाढतं आणि त्याच स्प्रिंगवर बॉडी आधीपेक्षा जास्त कलते. खाली आणलेली गाडी कमी कलते असं वाटतं ते स्प्रिंग कडक झाल्यामुळे. त्या स्प्रिंगचा काही भाग आपणच तयार केलेली अडचण निस्तरण्यात खर्च होत असतो.

कॅम्बरचंही, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याचंही, तेच. चाक वर दाबलं गेलं की त्याचा माथा आत झुकावा असं आपल्याला हवं असतं, म्हणजे बॉडी कलली तरी बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट राहतो. स्ट्रटमध्ये हे मुळातच थोडं होतं. आर्म स्ट्रटच्या अक्षाशी काटकोनात आली की ते थांबतं आणि त्यापुढे उलटं व्हायला लागतं. मग लोक उभ्या गाडीला जास्त निगेटिव्ह कॅम्बर देतात आणि सरळ रस्त्यावर टायरची आतली कड झिजते.

तिसरी गोष्ट बंप स्टिअर. टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा) आणि लोअर आर्म (खालची आर्म) वर-खाली होताना एकमेकींशी जुळणाऱ्या कमानी काढतात, त्यांची रचनाच तशी केलेली असते. दोन्ही नेहमीच्या पट्ट्यातून बाहेर गेल्या की चाक वर-खाली होताना टो, म्हणजे चाकाची डावी-उजवी दिशा, बदलतो. तुम्ही स्टिअरिंग धरून सरळ बसलेले असता आणि खाच आली की गाडी आपोआप बाजूला ओढली जाते. वेगात हे फार थकवणारं असतं.

म्हणून स्ट्रटच्या गाडीसाठी माझा नियम असा: दोन माणसं आत बसलेली असताना लोअर आर्म आडवी होईल तिथे थांबायचं. आतल्या बुशचा (बॉडीकडच्या रबरी सांध्याचा) मध्य आणि बाहेरच्या बॉल जॉइंटचा (चाकाकडच्या सांध्याचा) मध्य, दोन्हींची जमिनीपासूनची उंची मोजा. (उंची आर्मच्या पत्र्यावरून मोजू नका, तो वाकडातिकडा असतो.)

मागचंचाक

उतारावरची ताईंचा प्रतिसाद साठवून ठेवण्यासारखा आहे.

एक भर घालतो. माझ्याकडे माझदाची एमएक्स-५ आहे. तिला १९८९पासून सगळ्या पिढ्यांत पुढे डबल विशबोन आहे. दोन आर्म असल्याने ती खाली आणणं बरंच सहन करते, कॅम्बर चांगला वाढत जातो. त्यामुळे एमएक्स-५वाल्याचा आकडा ८६ला लावू नका आणि ८६चा फोक्सवॅगन गोल्फला लावू नका. ८६च्याही मागे डबल विशबोन आहे, म्हणजे एकाच गाडीत पुढे आणि मागे सहनशक्ती वेगळी.

आणि मऊ स्प्रिंगला घाबरू नका. लोटसने कित्येक दशकं तुलनेने मऊ स्प्रिंग आणि नीट जुळवलेले डॅम्पर याच वाटेने गाड्या बनवल्या, आणि खराब रस्त्यावर वळणं कशी घ्यावीत हे त्या गाड्यांकडून शिकावं. चाक रस्त्याला धरून राहिलं तरच पकड आहे. कडक गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते आणि उडणाऱ्या टायरला पकड नसते.

निवांत

कॉइलओव्हरवर ५० मिमी खाली नेऊनही डॅम्परची चाल तेवढीच राहते असं वाचलं होतं. खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलता येते त्या प्रकारात. मग टॉर्करेंच यांचा हिशोब तिथे लागू होतो का?

टॉर्करेंच

चांगला प्रश्न. कॉइलओव्हर दोन प्रकारचे असतात. एकात फक्त स्प्रिंगखालची कडी वर-खाली होते. ती खाली नेली की गाडी खाली येते आणि डॅम्परची आत जायची जागा तेवढी कमी होते. दुसऱ्यात डॅम्परचं अंगच खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर फिरतं. तिथे डॅम्परची चाल खरंच शाबूत राहते.

पण ती चाल वापरायला चाकाला वर जागा हवी ना! ५० मिमी खाली आणलेल्या गाडीत डॅम्पर म्हणतो अजून ६० मिमी आहेत, आणि टायर ३५ मिमीवरच आतल्या प्लास्टिकला किंवा कमानीच्या कडेला लागतो. मग बंप स्टॉपखाली पॅकर (जाड चकती) घालून चाल मुद्दाम कमी करावी लागते. आणि आर्मचे कल तर गाडीच्या उंचीने ठरतात, डॅम्पर कसलाही असो. ते बदलायचे तर लांब दांड्याचे बॉल जॉइंट मिळतात, ते आर्मचं बाहेरचं टोक खाली आणतात. त्यांच्याबरोबर टाय रॉडचं टोकही तेवढंच खाली आणावं लागतं, नाहीतर बंप स्टिअर आणखी बिघडतो. शिवाय चाकाच्या रिमला आतून ते लागत नाहीत ना हे बघावं लागतं.

अजून एक गैरसमज नेहमी दिसतो. सरळ स्प्रिंगची (जिचा कडकपणा दाबताना बदलत नाही) कडी घट्ट करून प्रीलोड, म्हणजे आधीचा दाब, वाढवला म्हणजे स्प्रिंग कडक होत नाही. गाडी फक्त वर येते.

पिस्टन

मूळ स्प्रिंगचा एक वेटोळा कापून घेणारेही असतात. त्याबद्दल?

टॉर्करेंच

करू नये. वेटोळे कमी झाले की स्प्रिंग थोडी कडक होते हे खरं, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. आणि चाक पूर्ण लोंबकळल्यावर स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गाडी खाली येताना ती वाकडी बसली तर पुढे काय होईल याचा नेम नाही. आच देऊन स्प्रिंग बसवणं तर त्याहून वाईट, पोलादाचा गुणच बिघडतो.

वळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

टॉर्करेंच यांचं वाचून पुढच्या डॅम्परच्या दांड्याला केबल टाय बांधला, अंगाला टेकवून, आणि नेहमीच्या रस्त्याने फेरी मारून आलो. केबल टाय बंप स्टॉपपर्यंत सरकलेला होता. म्हणजे मूळ उंचीवरसुद्धा माझ्या रोजच्या रस्त्यावर पुढची सगळी मोकळी जागा वापरली जाते! मागे थोडी शिल्लक आहे.

आर्म मोजली, शेजारी एकाला बसवून. चाकाकडे उतरती आहे, पण फार नाही. २० ते २५ मिमी खाली आणली की आडवी होईल.

म्हणजे दोन्ही बाजूंनी उत्तर २०च्या आसपास येतंय. ३० मिमीच्या स्प्रिंगचा विचार सोडतो. पुढे २५ आणि मागे १० असं करावं का? पुढची बाजू जरा झुकलेली दिसली तर मला आवडेल.

उतारावरची

पुढे-मागे सारखं ठेवा असं सांगेन. एक कारण हेडलाइट. पुढे-मागे १५ मिमीचा फरक पडला तर २५७० मिमीच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर) झोत सुमारे ०.६ टक्क्यांनी खाली जातो. डिप झोत मुळात साधारण एक टक्क्याने खाली लावलेला असतो, म्हणजे रात्री दिसणारं अंतर बरंच कमी होणार. अर्थात हेडलाइट पुन्हा लावून घेता येतो आणि उंची बदलल्यावर तपासायलाच हवा. मागे उंची मोजणारा सेन्सर असेल तर त्याचा दांडाही बघा.

दुसरं कारण, पुढे २५ म्हणजे आर्मची मर्यादा पूर्ण वापरली. टाकी भरली, सामान भरलं, काही महिन्यांनी स्प्रिंग थोडी बसली, की पलीकडे.

मागचंचाक

मागच्या स्प्रिंगबद्दल एक. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी दाखवलं होतं की मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवली तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडी डुलत राहत नाही. कारण साधं आहे, पुढचं चाक आधी आपटतं आणि मागचं नंतर. ८० किमी वेगात ८६च्या मागच्या चाकाला तोच उंचवटा सुमारे ०.१२ सेकंदांनी लागतो. मागची बाजू जरा चपळ असेल तर ती पुढचीला गाठते आणि दोन्ही एकत्र शांत होतात. स्प्रिंगचा सेट घेताना फक्त पुढची कडक केलेला घेऊ नका. दोघं बसून लांबच्या रस्त्याला फार डोलायला लागेल.

निवांत

अजून एक मार्ग सुचवतो, कमी खर्चाचा. तुमचा टायर २१५/४५ आर१७ आहे. २२५/४० आर१७ लावला तर त्रिज्या सुमारे ७ मिमीने कमी होते. गाडी ७ मिमी खाली, आर्मचा कल तसाच, डॅम्परची चाल तशीच. गुरुत्वमध्यही तेवढाच खाली. गिअर किंचित छोटे होतात, स्पीडोमीटर सुमारे दोन टक्के जास्त दाखवेल. टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो तो आकडा) मात्र मूळच्याइतका आहे हे बघून घ्या.

पिस्टन

पण त्याने फट वाढेल की! टायर लहान झाला, कमान तिथेच.

निवांत

बरोबर. फट वाढेल. वळणवाट यांना दोन्ही हवंय, त्यामुळे त्यांच्या कामाचं नाही. वळणांसाठीच गाडी करणाऱ्यांनी विचार करावा.

टॉर्करेंच

वळणवाट, पार्किंगच्या उताराचं राहिलं. पुढच्या चाकाच्या केंद्रापासून बंपरची खालची कड किती पुढे आहे आणि जमिनीपासून किती वर आहे, ते मोजा. ८५० मिमी पुढे आणि १५० मिमी वर असेल तर साधारण १० अंशांचा उतार चढता येतो. कड १२० मिमीवर आणली की ८ अंश. ऐकायला दोनच अंश, पण कित्येक उतार नेमके या दोहोंच्या मध्ये असतात. तिरकं चढल्याने थोडी सुटका होते. पोर्शे ९११ जीटी३सारख्या गाड्यांना पुढचा अॅक्सल उचलायची यंत्रणा मिळते ती याचसाठी. २० मिमीला तुमचं बहुधा भागेल, पण पुठ्ठ्याचा तुकडा त्या उंचीवर कापून बंपरखाली चिकटवा आणि रोजच्या उतारावर चढून बघा. पुठ्ठा मुडपला तर बंपरही घासणार.

वळणवाट

पुठ्ठा लावून बघितला. २० मिमीला सरळ चढलो तर शेवटी हलकासा टेकतो, तिरका चढलो तर नाही. चालेल.

तर ठरलं. पुढे-मागे २०, स्प्रिंग मूळच्यापेक्षा मध्यम कडक, आणि त्यांच्याबरोबर त्याच उंचीसाठी बनवलेले डॅम्पर. मूळ डॅम्परवर नाही. आपल्याकडच्या नियमांत हा बदल बसतो का आणि विम्यात नोंदवावा लागतो का, तेही आधी विचारून घेतो. फट पूर्ण जाणार नाही, पण गाडी उभी राहिली की बसकी दिसेल एवढी नक्की कमी होईल.

काम करून घेताना काय बघू?

उतारावरची

तीन गोष्टी. मूळ उंची आत्ताच मोजून लिहून ठेवा, चाकाच्या केंद्रापासून कमानीच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलंत तर टायरची हवा आणि झीज मधे येते.

आर्मचे बुश बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे घट्ट करू देऊ नका. रबरी बुश दोन्ही बाजूंनी पकडलेले असतात. चाक लोंबकळत असताना घट्ट केले तर गाडी खाली ठेवल्यावर ते कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. चाकांवर वजन असताना घट्ट करायचे.

अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) लगेच नको. काही दिवस चालवा, स्प्रिंग बसू द्या, मग करा. करताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवायला सांगा.

टॉर्करेंच

आणि तो केबल टाय नवीन डॅम्परलाही बांधा. पहिल्या आठवड्यानंतर किती सरकलाय ते इथे कळवा. बंप स्टॉपमध्ये खोलवर गेला असेल तर वरच्या बैठकीत ५ मिमीचा पॅकर घालून गाडी थोडी वर घेता येईल.